बदली फोन आणि त्यावरचा बोजा

सिंगापुरात काही वर्षे काढली की माणसाला काही प्रश्न पडेनासे होतात. नळाचे पाणी उकळून प्यावे का, रात्री उशिरा मुलगी एकटी बसने घरी येईल ना, टॅक्सीवाला मीटरने चालेल ना, हे प्रश्न आपण चांगीला उतरल्यावर हळूहळू मागे टाकले. त्यांच्याबरोबर आणखीही एक प्रश्न आपल्या डोक्यातून निघून गेला आहे : "हा फोन कुठल्या कंपनीला बांधलेला तर नाही ना?" सिंगटेलकडून घेतलेल्या फोनमध्ये स्टारहबचे कार्ड घातले तरी तो चालतो, आणि पुण्याला उतरून त्यातच एअरटेलचे कार्ड सरकवले तरी तो कुरकुर करीत नाही. मग विचारायचे तरी कशाला?

पण आपली कुटुंबे आता एका देशात मावत नाहीत. मुलगा अमेरिकेत शिकतो, दीर-जाऊ लंडनला, आईवडील नाशिकला, आणि आपण इथे ईस्ट कोस्टला, बेडोक, सिगलॅप किंवा बेशोअरच्या एखाद्या इमारतीत. या चार घरांमध्ये माणसांपेक्षा फोनच जास्त प्रवास करतात. थोरल्याचा जुना फोन धाकट्याला आणि धाकट्याचा आजीला, हा तर आपल्या घरांतला अलिखित कायदा आहे. त्यातच एखादा फोन पडून फुटतो, कंपनी किंवा विमेवाले त्याच्या बदली दुसरा संच देतात, आणि तोच संच घेऊन आपण आठ दिवसांनी विमानात बसतो. मूळ फोन जगात कुठेही चालत होता. मग त्याच्या बदल्यात मिळालेलाही चालेल ना?

थोडक्यात उत्तर असे, की बहुधा चालतो, पण तो चालेलच असे धरून निघू नये. बदली फोन दिसायला जुन्यासारखाच असला, त्यात आपलेच फोटो आणि आपलेच नंबर परत येऊन बसले, तरी मोबाइल कंपनीच्या दृष्टीने तो सर्वस्वी वेगळा फोन असतो. हे असे का, ते जरा मुळापासून पाहू.

कुलूप कशाला म्हणायचे?

प्रत्येक सिमकार्डात एक लांबलचक क्रमांक असतो, बहुधा १५ आकडी. हा आपला टेलिफोन नंबर नव्हे. तो नेटवर्कला कार्डाची ओळख पटवून देणारा आतला क्रमांक असतो. त्यातले पहिले ३ आकडे देशाचे. सिंगापूरचे ५२५, भारताचे ४०४ आणि ४०५. त्यापुढचे आकडे कंपनीचे. सिंगापुरात सिंगटेलसाठी ०१, एमवनसाठी ०३, स्टारहबसाठी ०५. म्हणजे पहिले पाच-सहा आकडे वाचले की कार्ड कुठल्या गावचे आणि कुठल्या घरचे ते फोनला कळते.

कुलूपबंद फोन नेमके हेच करतो. आत घातलेल्या कार्डाचे हे पहिले आकडे तो वाचतो आणि आपल्याला परवानगी असलेल्या कंपनीशी ते जुळतात का, हे पाहतो. जुळले तर ठीक. नाही तर पडद्यावर हे सिम चालणार नाही असा निरोप येतो. कॅमेरा चालतो, वाय-फायवर व्हॉट्सॲपही चालते, पण त्या कार्डावरून फोन लागत नाही आणि संदेशही येत नाहीत.

इथे दोन गैरसमज दूर करायला हवेत. पहिला असा, की कुलूपबंद फोन परदेशात चालतच नाही. तसे नाही. मूळ कंपनीचे कार्ड आत असेल आणि त्यावर रोमिंग सुरू असेल, तर तो फोन परदेशातही चालतो. फक्त रोमिंगचे पैसे ती कंपनी मागेल तेवढे मोजावे लागतात. अडचण येते ती तिथले स्थानिक कार्ड घालताना. दुसरा गैरसमज ई-सिमविषयी. ई-सिमला प्लास्टिकचे कार्ड नसल्यामुळे कुलूप त्याला लागू होत नसेल, असे अनेकांना वाटते. पण कुलूप क्रमांक पाहते, प्लास्टिक नव्हे. प्रवासासाठी विकत घेतलेले ई-सिमही कुलूपबंद फोनमध्ये चालत नाही, आणि ते बहुधा पैसे भरून झाल्यावर कळते.

हे कुलूप आले ते हप्त्यांच्या पोटी. महाग फोन कंपनीने ग्राहकाला स्वस्तात किंवा हप्त्याने द्यायचा आणि तो दुसऱ्या कंपनीकडे पळून जाऊ नये म्हणून फोनलाच दावणीला बांधायचे, असा हा व्यवहार. भारतालाही तो अगदीच अपरिचित नाही. २००३ सालच्या पावसाळ्यात रिलायन्सने ५०१ रुपये भरून घेऊन हातात फोन ठेवण्याची योजना काढली, तेव्हा त्या सीडीएमए संचांत कार्डच नव्हते; फोन आणि कंपनी यांची गाठ जन्मापासूनच बांधलेली. २००८ च्या ऑगस्टमध्ये आयफोन भारतात आला तो एअरटेल आणि व्होडाफोन यांच्यामार्फत, आणि तोही कंपनीला बांधलेलाच. २०१७ चा जिओफोन फक्त जिओच्या कार्डावर चालणारा होता. हे अपवाद सोडले, तर भारतात फोन रोख घ्यायचा आणि कार्ड वेगळे घ्यायचे अशीच रीत राहिली. म्हणून तिथेही हा प्रश्न कुणाच्या जिभेवर सहजी येत नाही.

सिंगापुरात हा प्रश्न का नाही?

इथले उत्तर सरळ आहे. सिंगापूरच्या दूरसंचार नियामकाने मोबाइल कंपन्यांना फोनला असे कुलूप लावायला मनाई केलेली आहे. दोन वर्षांचा करार करून स्वस्तात फोन घेतला आणि मध्येच करार मोडला, तर दंड भरावा लागतो. पण फोन मात्र पहिल्या दिवसापासून मोकळा असतो. इथे करार माणसाला बांधतो, यंत्राला नाही.

त्यामुळे इथल्या विक्रेत्याकडून नवा घेतलेला आणि इथल्याच अधिकृत केंद्रात बदलून मिळालेला फोन कंपनीच्या कुलपापासून मोकळा असणार, असे आपण निर्धास्तपणे धरून चालतो आणि ते बरोबरही असते. काळजी करायची ती बाहेरून आलेल्या फोनची : अमेरिकेतून पाठवलेला, कुणाकडून तरी वापरलेला घेतलेला, किंवा परदेशातल्या विमा योजनेतून बदलून मिळालेला.

इतर देशही याच वाटेने आले, पण उशिरा. कॅनडात १ डिसेंबर २०१७ पासून नवे फोन मोकळेच द्यावे लागतात. जपानने १ ऑक्टोबर २०२१ पासून नव्या फोनवरील कुलपे बंद केली, आणि ब्रिटनमध्ये १७ डिसेंबर २०२१ पासून कुलूपबंद फोन विकायला बंदी आली. या तारखा लक्षात ठेवण्याचे कारण असे, की त्यांच्याआधी विकलेल्या फोनचे कुलूप आपोआप गळून पडलेले नाही. लंडनहून दिरांनी प्रेमाने पाठवलेला २०२० सालचा फोन अजूनही बांधलेला असू शकतो.

अमेरिकेची कथा जास्त गुंतागुंतीची आहे. तिथे २०१३ च्या जानेवारीपासून कंपनीच्या परवानगीवाचून नव्या फोनचे कुलूप काढणे हा स्वामित्वहक्काच्या कायद्याचा भंग ठरला. त्याविरुद्ध व्हाइट हाउसकडे १ लाखाहून अधिक सह्यांचा अर्ज गेला, आणि १ ऑगस्ट २०१४ रोजी सही झालेल्या कायद्याने ग्राहकाला ती मुभा परत मिळाली. पण कुलूप लावण्याची मुभा कंपन्यांकडे राहिलीच. फोनचे सर्व पैसे फिटलेले हवेत आणि तो त्या नेटवर्कवर ठरावीक दिवस वापरलेला हवा, अशा अटी कंपन्या घालत आल्या आहेत. कुणाचे ४० दिवस, कुणाचे ६०, आणि आधी पैसे भरून वापरायच्या योजनांना त्याहून पुष्कळ जास्त. या अटी बदलत असतात, म्हणून गेल्या वर्षी मित्राला आलेला अनुभव यंदा आपल्याला लागू पडेलच असे नाही. आपली मुले शिकायला जातात ती मुख्यतः याच देशात, म्हणून हे सविस्तर सांगितले.

सात-बारा आणि बोजा

आता मूळ प्रश्नाकडे येऊ. प्रत्येक मोबाइल संचाला जन्मतः स्वतःचा एक १५ आकडी क्रमांक मिळतो. त्याला आयएमईआय म्हणतात. त्यातले पहिले ८ आकडे फोनची जात सांगतात, पुढचे ६ त्या एका फोनचे असतात, आणि शेवटचा आकडा आधीचे बरोबर लिहिले गेले की नाही हे पडताळण्यासाठी असतो. दोन सिम घेणाऱ्या फोनला असे दोन क्रमांक असतात. फोनवर स्टार, हॅश, शून्य, सहा, हॅश अशी बटणे दाबली, की हा क्रमांक पडद्यावर उमटतो.

कुलूप आहे की नाही, ही गोष्ट या क्रमांकाशी बांधलेली असते. तुमच्या नावाशी नाही, टेलिफोन नंबराशी नाही, आणि तुम्ही कंपनीचे किती जुने ग्राहक आहात याच्याशीही नाही. ज्यांच्या घरी शेती आहे त्यांना हे चटकन उमगेल. जमिनीवर सोसायटीचे कर्ज काढले की सात-बाऱ्यावर बोजा चढतो. कर्ज फेडले म्हणून तो आपोआप उतरत नाही. फेडल्याचा दाखला घेऊन अर्ज करावा लागतो, फेरफार व्हावा लागतो, मग उतारा कोरा होतो. आणि समजा त्या जमिनीच्या बदल्यात दुसरी जमीन मिळाली, तर तिचा गट क्रमांक वेगळा, उतारा वेगळा आणि त्यावरचा बोजाही तिचा स्वतःचा. जुन्या जमिनीचा कोरा उतारा नव्या जमिनीच्या कामाचा नाही.

फोनचे तंतोतंत असेच आहे. आयफोनच्या बाबतीत तर हा सात-बारा फोनमध्ये नसून ॲपलच्या दप्तरी असतो. फोन पहिल्यांदा सुरू होताना तो आपला क्रमांक तिकडे कळवतो, आणि कुठली कार्डे घ्यायची याची आज्ञा तिकडून येते. मोबाइल कंपनी कुलूप काढते, म्हणजे त्या दप्तरातली नोंद बदलायला सांगते. काही अँड्रॉइड फोनमध्ये कुलूप फोनमध्येच असते आणि ते कंपनीने दिलेल्या सांकेतिक आकड्याने किंवा तिच्या ॲपमधून उघडते. पद्धत कोणतीही असो, नोंद त्या एका क्रमांकाची असते. बदली संचाचा क्रमांक वेगळा, म्हणून त्याची नोंदही वेगळी पाहावी लागते. फोन तोच राहिला आणि दुरुस्तीत आतला मुख्य बोर्ड बदलला, तरीसुद्धा क्रमांक बदलू शकतो. म्हणून दुरुस्तीहून आलेल्या फोनचा क्रमांकही एकदा ताडून पाहावा.

बदली फोन तीन वाटांनी येतो

पहिली वाट फोन बनवणाऱ्या कंपनीची. हमीच्या मुदतीत फोन बिघडला आणि तिच्या केंद्राने तो बदलून दिला, तर सहसा जुन्या संचाची स्थिती नव्याला लावली जाते : मोकळ्याला मोकळा, बांधलेल्याला बांधलेला. गोची होते ती बांधलेला फोन नुकताच मोकळा करून घेतलेला असतो तेव्हा. केंद्रासमोरची नोंद जुनी असेल, तर बदली संच पुन्हा मूळ कंपनीला बांधलेला येण्याची शक्यता राहते. त्यातून मार्ग निघतो, पण तो निघेपर्यंत विमान सुटून गेलेले असते. शिवाय आयफोनसारख्या काही फोनच्या हमीत, सेवा मूळ खरेदीच्या देशापुरती मर्यादित ठेवण्याची मुभा कंपनीने स्वतःकडे राखलेली असते. इथे घेतलेला फोन दुसऱ्या देशात जसाच्या तसा बदलून मिळेल, याची खात्री म्हणूनच नसते.

दुसरी वाट मोबाइल कंपनीच्या विमा योजनेची, आणि जपायचे ते इथे. समजा, बोस्टनला शिकणाऱ्या मुलीने दोन वर्षे हप्ते भरले, फोन मोकळा करून घेतला, आणि मग तो पाण्यात पडला. विमेवाल्यांनी दोन दिवसांत घरपोच दुसरा दिला. हा संच बहुधा त्या कंपनीसाठी ठेवलेल्या साठ्यातला, दुरुस्त करून पुन्हा बाहेर काढलेला असतो, आणि त्या साठ्यातले फोन कंपनीला बांधलेले असू शकतात. मुलीला काही जाणवत नाही, कारण तिचे कार्ड त्याच कंपनीचे आहे. फोन उत्तम चालतो. तो अडतो ते सुटीत आल्यावर, चांगीला घेतलेले स्थानिक कार्ड आत घातल्यावर. "अगं, पण तुझा फोन तर मोकळा होता ना?" असे आई विचारते, आणि मुलगीही खरेच सांगते, "होता." मोकळा होता तो पहिला फोन.

अशा वेळी कंपनीला जुना आणि नवा असे दोन्ही क्रमांक कळवून नव्याचे कुलूप काढायला सांगावे लागते. जुन्याचे पैसे फिटले होते आणि मुदत पुरी झाली होती, हे तिच्या दप्तरात असतेच. पण वापराचे दिवस नव्या संचासाठी पुन्हा मोजायचे की नाही, हे प्रत्येक कंपनी आपापल्या नियमाने ठरवते. म्हणून हा प्रश्न फोन हातात आल्या दिवशीच विचारावा, विमानतळावरून नव्हे.

तिसरी वाट बाजाराची. फुटलेल्या फोनच्या बदली आपणच एखादा वापरलेला फोन विकत घेतो, किंवा कुणी नातेवाईक देतो. इथे तीन वेगवेगळी कुलपे असू शकतात आणि लोक त्यांची गल्लत करतात. एक, आपण आतापर्यंत पाहिले ते कंपनीचे. दुसरे, आधीच्या मालकाच्या खात्याचे. त्याने आपले खाते फोनमधून काढले नसेल तर तो फोन नव्याने सुरूच होत नाही, आणि हे फक्त तो मालक उघडू शकतो. तिसरे, काळ्या यादीचे. फोन चोरीचा म्हणून नोंदला गेला असेल तर नेटवर्क त्याला दारातच अडवते. फोन साफ पुसून कोरा केल्याने यांपैकी एकही कुलूप निघत नाही. भारतात घेतलेल्या फोनसाठी एक चांगली सोय आहे : केवायएम ही तीन इंग्रजी अक्षरे, मध्ये थोडी जागा आणि पुढे फोनचा १५ आकडी क्रमांक, असा संदेश भारतीय नंबरावरून १४४२२ ला पाठवला, की त्या क्रमांकाची माहिती उत्तरादाखल येते. हरवलेला फोन बंद करून घेण्यासाठी २०२३ च्या मे महिन्यापासून देशभर संचार साथी ही सरकारी सेवा आहे.

याच वाटेवरची आणखी एक खोच सॅमसंगच्या फोनची. नव्या गॅलॅक्सी फोनच्या खोक्यावर अनेकदा चिठ्ठी असते, की हा फोन आधी अमुक प्रदेशातल्या कार्डावर सुरू करावा. त्या प्रदेशातले कार्ड घालून एकूण पाच मिनिटे बोलणे झाले, की तो इतरत्रही चालतो. हे कंपनीचे कुलूप नव्हे, प्रदेशाचे आहे. म्हणून भारतातून आईसाठी घेतलेला सीलबंद फोन इथे आणून उघडण्यापेक्षा तिथेच उघडावा, तिथल्याच कार्डावरून मावशीशी पाच मिनिटे गप्पा माराव्यात, आणि मग बॅगेत टाकावा.

मोकळा आहे, पण मुका

कुलूप नाही याची खात्री झाली तरी बदली फोन परदेशी चालण्यात आणखी दोन अडथळे येऊ शकतात. ते कुलपासारखेच दिसतात म्हणून सांगतो.

पहिला, कार्डाच्या खाचेचा. २०२२ साली आलेल्या आयफोन १४ पासून अमेरिकेत विकल्या जाणाऱ्या आयफोनला कार्डाची खाचच नाही, फक्त ई-सिम. २०२५ च्या आयफोन १७ पासून कॅनडा, जपान आणि आखातातले काही देश यांच्याही बाबतीत हे झाले, आणि आयफोन एअर हा तर जगभरच बिनखाचेचा आहे. उलट चीनच्या मुख्य भूमीत विकलेल्या अनेक आयफोनना दोन कार्डांच्या खाचा असतात आणि ई-सिम नसते. म्हणजे सिंगापूरच्या फोनच्या बदली अमेरिकेतला संच हातात आला, तर तो पूर्ण मोकळा असूनही आपले भारतातले प्लास्टिकचे कार्ड त्यात जाणार कुठून?

दुसरा, जुन्या नेटवर्कचा. सिंगापुरात २जी सेवा एप्रिल २०१७ मध्ये बंद झाली, आणि २०२४ साली ३जी गुंडाळायला सुरुवात झाली. अमेरिकेतल्या मोठ्या कंपन्यांनी ३जी २०२२ मध्येच बंद केले. भारतात जिओकडे २०१६ पासून, म्हणजे सुरुवातीपासूनच, फक्त ४जी आणि पुढचे नेटवर्क आहे. जिथे जुनी नेटवर्के उरलेली नाहीत तिथे साधे बोलणेही ४जीवरूनच व्हावे लागते, आणि दुसऱ्या देशासाठी बनवलेल्या फोनला इथल्या कंपनीच्या ४जीवर बोलता येईलच असे नाही. इंटरनेट चालते, फोन लागत नाही, अशी तक्रार ऐकली की कुलपाआधी याची शंका घ्यावी.

अडते कुठे?

कुणी म्हणेल, एवढे मनावर कशाला घ्यायचे? व्हॉट्सॲप वाय-फायवर चालतेच की! गप्पांपुरते ते खरे आहे. पण आपल्या आयुष्यातला टेलिफोन नंबर आता गप्पांपुरता उरलेला नाही. भारतातली बँक, आधार, आयकर, म्युच्युअल फंड, सगळ्यांच्या किल्ल्या भारतातल्या नंबरावर संदेशाने येणाऱ्या सहा आकड्यांत आहेत. वडिलांना अचानक रुग्णालयात दाखल केले, आपण रातोरात पुण्याला पोहोचलो, खिडकीवर अनामत रक्कम भरायची आहे, आणि बदली फोन म्हणतो आहे की हे कार्ड मी घेत नाही, हा प्रसंग कुणावरही येऊ शकतो. खात्यात पैसे असतात, पण त्या क्षणी ते काढता येत नाहीत.

या बाबतीत दोन सोयी अलीकडे झाल्या आहेत. २०२३ च्या जानेवारीत सिंगापूरसह १० देशांतल्या टेलिफोन नंबरांवर, अनिवासी भारतीयांच्या एनआरई आणि एनआरओ खात्यांसाठी, यूपीआय वापरायला परवानगी मिळाली. आपली बँक ही सोय देते का, ते विचारून घ्यावे. आणि २१ फेब्रुवारी २०२३ पासून इथले पेनाउ आणि तिथले यूपीआय एकमेकांना जोडलेले आहेत. सगळा भार भारतातल्या एकाच कार्डावर पडू नये यासाठी या दोन्हींचा उपयोग होतो.

पण सिंगापूरच्या बाजूलाही एक वेळेचे गणित आहे. इथल्या बँकांच्या ॲपमधील डिजिटल टोकन नव्या फोनवर बसवले, की ते चालू व्हायला किमान १२ तास जावे लागतात. फसवणूक रोखण्यासाठी २०२२ साली जाहीर झालेला हा नियम चांगलाच आहे. पण रात्रीच्या विमानाने निघताना दुपारी फोन बदलला, तर पोहोचेपर्यंत आपली इथली बँकही आपल्याला ओळखत नाही. भारतातले ई-सिम नव्या फोनवर आणायलाही बहुधा त्याच नंबरावर एखादा संदेश किंवा फोन यावा लागतो, आणि जुना फोन मेलेला असेल तर तो येणार कशावर? किल्ली पेटीत ठेवून पेटी बंद करावी, तशातला हा प्रकार.

निघण्यापूर्वी

म्हणून बदली फोन हातात आला, की काही गोष्टी त्याच आठवड्यात कराव्यात. फार कष्टाच्या नाहीत.

जुन्या आणि नव्या, दोन्ही संचांचे आयएमईआय क्रमांक वहीत लिहून ठेवा. बदलीची पावती घ्या आणि तिच्यावर नवा क्रमांक आहे का ते पाहा. प्रवासाच्या विम्यात किंवा फोनच्या विम्यात जुना क्रमांक असेल, तर तो बदलायला कळवा.

आयफोन असेल तर सेटिंग्ज, जनरल, अबाउट असे जाऊन कॅरिअर लॉक ही ओळ पाहा. तिथे नो सिम रिस्ट्रिक्शन्स असे शब्द असतील तर फोन मोकळा आहे. अँड्रॉइडमध्ये ही ओळ प्रत्येक फोनला एकाच जागी सापडत नाही, म्हणून पुढचा उपाय महत्त्वाचा.

दुसऱ्या कंपनीचे कार्ड घालून पाहा. शेजाऱ्याचे पाच मिनिटांसाठी मागून घ्या, एक फोन करा, एक संदेश मागवा. मात्र कार्ड खरोखरच दुसऱ्या नेटवर्कचे हवे. गोमो हे सिंगटेलचेच आणि गिगा हे स्टारहबचेच, तशी अमेरिकेतही मोठ्या कंपन्यांच्या नेटवर्कवर चालणारी वेगळ्या नावांची कार्डे असतात. तिथे कुलपाची परीक्षा घ्यायची तर नाव वेगळे असून भागत नाही. अमेरिकेतून आलेल्या फोनला इथले कुठलेही कार्ड परकेच, त्यामुळे ही परीक्षा सिंगापुरात सोपी जाते. पण ती अमेरिकेतून निघण्यापूर्वी तिथेच झाली तर उत्तम. कुलूप निघालेच नाही, तर ते काढायला सांगायचे ती कंपनी तिथे असते.

कंपनीकडून उत्तर तोंडी घेऊ नका. "नव्या क्रमांकाचा फोन कोणत्याही नेटवर्कसाठी मोकळा आहे का?" एवढा एकच प्रश्न क्रमांकासह लिहून पाठवा आणि लेखी उत्तर जपून ठेवा. "फोन परदेशात चालेल का?" असे विचारू नका, त्याला रोमिंग मनात धरून हो म्हटले जाते, आणि ते खोटेही नसते. रस्त्यावरच्या किंवा अनोळखी माणसाकडून पैसे देऊन कुलूप काढून घेण्याच्या भानगडीतही पडू नका. कंपनीच्या दप्तरात बोजा तसाच राहिला तर बाहेरून पुसलेली रेघ केव्हाही परत उमटू शकते.

भारतातले कार्ड आणि बँकेची टोकन नव्या फोनवर निघण्याच्या किमान दोन दिवस आधी बसवा, आणि तोवर जुना फोन, काच तडकलेली असली तरी, परत देण्याची घाई करू नका. मुदतीत परत द्यायचाच असेल तर आधी ही कामे उरका. घरात एखादा साधा, कुलूप नसलेला, कार्डाची खाच असलेला आणि ४जीवर बोलता येणारा जुना फोन चार्ज करून बॅगेत ठेवा. भारतातले कार्ड आजीच्या त्या फोनमध्ये घातले, तरी बँकेचे सहा आकडे त्यावरही तितक्याच बिनचूक येतात.

येत्या सुटीत अमेरिकेहून मुले येतील, नाशिकहून आईवडील येतील, आणि फोन या हातातून त्या हातात जातील. देताना चार्जर द्यायला आपण विसरत नाही. त्याच्याबरोबर एका चिठ्ठीवर तीन ओळी लिहून द्याव्यात : फोनचा क्रमांक काय, तो मोकळा आहे हे कोणत्या तारखेला दुसरे कार्ड घालून पाहिले, आणि आधीच्या मालकाचे खाते काढले की नाही. जमीन घेताना आपण उतारा मागतो. फोन घेतानाही मागायला हरकत नाही.